पातळ तेलाचा ताळेबंद

मोटारगाडी ही मध्यमवर्गीय घरात आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली, त्या काळी गाडीसाठी नंबर लावावा लागे आणि गाडी दारात आली की आळीत पेढे वाटले जात. आज विरार किंवा नालासोपाऱ्याच्या नव्या वसाहतींत गाडी घेण्यापेक्षा ती उभी करायला जागा मिळवणे अधिक अवघड झाले आहे. गाडी घेताना आपण रंग पाहतो, मायलेज विचारतो, डिकी उघडून गणपतीला गावी जाताना सामान मावेल की नाही याचा अंदाज घेतो आणि महिन्याचा हप्ता पगारात कसा बसेल याचे गणित मांडतो. इंजिनात कोणते तेल घालायचे, हा प्रश्न मात्र शोरूममध्ये सहसा कोणी विचारत नाही. तो प्रश्न फिटरचा, आपला नव्हे, अशी आपली समजूत असते.

ही समजूत आता बदलायला हवी, कारण ते तेलच बदलले आहे. पद्मिनी आणि ॲम्बेसिडरच्या काळात गॅरेजमध्ये ‘वीस-चाळीस’ आणि ‘वीस-पन्नास’ हे परवलीचे शब्द होते. डब्यातून ओतताना ते तेल काकवीसारखे संथ ओघळे. आज मारुती सुझुकीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत ‘०डब्ल्यू-१६’ असा आकडा छापलेला असतो आणि हे तेल हाताला जवळजवळ स्वयंपाकाच्या गोड्या तेलाइतके पातळ लागते. जपानात तर ‘०डब्ल्यू-८’ पर्यंत मजल गेली आहे. वसई, वाळीव, सातिवली, नालासोपारा येथल्या गॅरेजांतले जुने फिटर असे तेल चिमटीत धरून पाहतात आणि मान हलवतात. ‘काका, हे पाणी आहे, इंजिनाला धरणार कसे?’ असा त्यांचा सवाल असतो. उलट सर्व्हिस सेंटरचा माणूस बजावतो की, दुसरे तेल घातलेत तर वॉरंटीचे आम्हाला विचारू नका. या दोघांच्या मध्ये गाडीचा मालक उभा असतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकून मोकळा होतो.

माझी उमेदीची वर्षे बँकेत जमा-खर्चाची पाने पाहण्यात गेली. त्यामुळे अशा वादात मला तीन साधे प्रश्न सुचतात. फायदा किती? तो कोणाच्या खात्यात जमा होतो? आणि जोखीम कोणाच्या नावे पडते? पातळ तेलाच्या बाबतीत या तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात, आणि म्हणूनच हा विषय केवळ फिटरवर सोडून देण्यासारखा नाही.

आकडे काय सांगतात

आधी डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ पाहू. ‘डब्ल्यू’ हे ‘विंटर’चे, म्हणजे हिवाळ्याचे अक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा तेल कडाक्याच्या थंडीत किती वाहते ते सांगतो. वीस डब्ल्यूच्या तेलाची परीक्षा उणे १५ ते उणे २० अंशांना होते, तर शून्य डब्ल्यूच्या तेलाची उणे ३५ ते उणे ४० अंशांना. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा. पाठ्यपुस्तकात या दाटपणाला श्यानता म्हणतात. ५०, ४०, ३०, २०, १६ अशी ही उतरंड आहे. अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल इंजिनिअर्सच्या संस्थेने १६ ही पायरी २०१३ मध्ये आणि १२ व ८ या पायऱ्या २०१५ मध्ये आपल्या प्रमाणात घातल्या. त्याआधी वीसच्या खाली तेल उतरवण्याचा प्रमाणित मार्गच नव्हता.

यावर कोणीही म्हणेल की, वसईत जानेवारीच्या पहाटेही स्वेटर घालायचा तो हौसेखातर. मग उणे चाळीस अंशांचे तेल आपल्याला काय करायचे? प्रश्न रास्त आहे. पण इंजिनाच्या दृष्टीने आपली पंचवीस अंशांची सकाळदेखील थंडच असते, कारण त्याची खरी कामाची अवस्था नव्वद-शंभर अंशांची. चाळीस अंशांना मोजले तर जुने वीस-पन्नास तेल या नव्या तेलाच्या साधारण चौपट दाट भरते. गाडी सुरू करताच ते दाट तेल पंपाने ढकलायचे, अरुंद वाटांतून वर चढवायचे, यात पेट्रोल जळते आणि तेल पोहोचेपर्यंतचे काही क्षण वरचे भाग कोरडे फिरतात. पातळ तेल तेथे लवकर पोहोचते.

उलट बाजूचा आक्षेपही ऐकू येतो, तो असा की आपल्या उन्हाळ्यात हे पातळ तेल टिकणार नाही. त्यात अर्धेच तथ्य आहे. इंजिन तापले की थर्मोस्टॅट त्याचे तापमान एका ठरावीक पातळीला राखतो. त्यामुळे सुरळीत धावणाऱ्या गाडीच्या पोटात विरारचा मे महिना आणि युरोपातला मे महिना यांत फारसा फरक नसतो. फरक पडतो तो गाडी सुरळीत धावत नाही तेव्हा. त्याकडे पुढे येऊ.

लाकडी बुचाची गोष्ट

तेल इंजिनाला ‘धरते’ म्हणजे नेमके काय करते? बैलगाडीच्या आसाला एरंडेल लावणाऱ्या आपल्या पूर्वजांना ते सवयीने ठाऊक होते. (कॅस्ट्रॉल या नावातही एरंडेलाचे इंग्रजी नाव दडलेले आहे, ही गंमत अनेकांना माहीत नसते.) शास्त्राला मात्र ते १८८० च्या दशकात उलगडले. इंग्लंडमध्ये टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसांचे घर्षण मोजत होते. तेल घालण्यासाठी बेअरिंगला वरून एक भोक पाडले होते. आस फिरू लागला की त्या भोकातून तेल वर येई. म्हणून त्यांनी त्यात लाकडी बूच ठोकले, तर तेलाने तेही बाहेर ढकलून दिले. फिरणारा आस तेलाला स्वतःबरोबर ओढून नेतो आणि त्यातून इतका दाब निर्माण होतो की आस तेलावर अक्षरशः तरंगतो, धातूला धातू लागतच नाही, हे त्या बुचाने दाखवून दिले. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. आजच्या प्रत्येक इंजिनाचे बेअरिंग त्याच गणितावर उभे आहे.

या तरंगण्याला दोन कडा आहेत. तेल फार दाट असेल तर धातू सुरक्षित राहतो, पण त्या दाट तेलातून फिरण्यातच शक्ती वाया जाते. खाजणाच्या चिखलातून चालणाऱ्या माणसाची होते तशी गत. तेल फार पातळ झाले तर तो थर फाटतो आणि धातू धातूवर घासू लागतो. जर्मनीत स्ट्रिबेक यांनी १९०२ मध्ये प्रयोगांनी दाखवले की या दोन टोकांच्या मध्ये कमीत कमी घर्षणाची एक जागा असते, आणि ती जागा थर फाटण्याच्या कडेपासून फार दूर नसते. जुने अभियंते त्या जागेपासून बरेच मागे, दाट तेलाच्या सुरक्षित बाजूला राहत. नवे अभियंते तिच्या जवळ जाऊन उभे राहिले आहेत. पातळ तेलाची सगळी कथा या एका वाक्यात सांगता येते.

ते आंधळेपणाने उभे राहिलेले नाहीत, हेही सांगायला हवे. या इंजिनांचे धातूचे पृष्ठभाग अधिक गुळगुळीत असतात, बेअरिंगमधली फट काटेकोर राखलेली असते, तेलाचा पंप त्या तेलासाठी योजलेला असतो. तेलातही मॉलिब्डेनमसारखी घर्षण घटवणारी आणि झीज रोखणारी द्रव्ये घातलेली असतात. झडपांची उघडझाप वेगाप्रमाणे पुढेमागे करणारी यंत्रणा आणि टायमिंग चेनला ताण देणारी यंत्रणा याच तेलाच्या दाबावर चालते. अशा इंजिनात प्रेमापोटी वीस-पन्नास ओतणे म्हणजे तान्ह्या मुलाला ताकद यावी म्हणून डिंकाचा लाडू भरवण्यासारखे आहे. त्याच न्यायाने पंधरा वर्षे वापरलेल्या, फटी वाढलेल्या जुन्या इंजिनात नवे म्हणून ०डब्ल्यू-१६ घालणेही चूक. तेथे दाब घसरेल आणि तेल जळू लागेल. ज्याचे त्याला, हाच येथला नियम.

एका टक्क्याची किंमत

आता फायद्याकडे वळू. फिनलंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेल्या अंदाजाप्रमाणे मोटारीत जळणाऱ्या इंधनातली सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कुठल्या ना कुठल्या घर्षणावर खर्च होते. त्यातला एक भाग इंजिनातला. तेल एक-दोन पायऱ्या पातळ केल्याने पेट्रोलची बचत साधारण एक ते दोन टक्क्यांच्या घरात होते.

हिशेब करून पाहू. वर्षाला १०,००० किलोमीटर धावणारी आणि लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी वर्षात सुमारे ५५५ लिटर पेट्रोल पिते. लिटरला शंभर रुपये धरले तर ५५,५०० रुपये. त्यातला एक टक्का म्हणजे ५५५ रुपये, दोन टक्के म्हणजे ११०० रुपये. पातळ तेल चांगल्या प्रतीच्या सिंथेटिक घटकांपासूनच बनवावे लागते, त्यामुळे ते साध्या तेलापेक्षा महाग पडते. ती जादा किंमत वजा केली की घरच्या खात्यात एखाद्या कौटुंबिक मिसळपावाच्या बिलाइतकी रक्कम उरली तर उरली.

मग कंपन्यांना या एका टक्क्याचा इतका सोस का? उत्तर सरकारी नियमात आहे. २०१७-१८ पासून आपल्याकडे प्रत्येक मोटार कंपनीला तिने विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढून कार्बन डायऑक्साइडची मर्यादा पाळावी लागते. पहिल्या टप्प्यात ती किलोमीटरला १३० ग्रॅम होती, २०२२-२३ पासून ११३ ग्रॅम झाली. पेट्रोलच्या भाषेत सांगायचे तर सरासरी लिटरला सुमारे १८ किलोमीटरवरून सुमारे २१ किलोमीटरवर उडी. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दंडही कडक केला. शंभर किलोमीटरला ०.२ लिटरपर्यंत चूक झाली तर गाडीमागे २५,००० रुपये आणि त्याहून अधिक झाली तर ५०,००० रुपये. ज्या कंपनीची सरासरी मर्यादेच्या काठावर आहे, तिच्यासाठी एक टक्का म्हणजे नफ्या-तोट्याची रेषा. आपल्या खात्यात वर्षाला पाचशे-हजार रुपये जमा करणारा तोच टक्का कंपनीच्या खात्यात गाडीमागे हजारोंचा दंड वाचवू शकतो. शिवाय मायलेज मोजण्याची चाचणी थंड इंजिनापासून सुरू होते आणि जेमतेम वीस मिनिटे चालते. पातळ तेलाचा गुण नेमका या पहिल्या मिनिटांत अधिक दिसतो.

यात कंपनीने काही लबाडी केली, असे मुळीच नाही. देशाचा हिशेब मांडला तर हा टक्का मोलाचाच आहे. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. प्रत्येकीने वर्षाला साडेपाच लिटर इंधन वाचवले असे कागदावर धरले, तर एकट्या त्या वर्षाच्या गाड्यांचे दोन कोटी तीस लाखांहून अधिक लिटर इंधन दरवर्षी वाचते. जो देश आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो, त्याने हे थेंब मोजलेच पाहिजेत. मुद्दा इतकाच की फायदा सर्वांमध्ये वाटला जातो, आणि इंजिन खोलायची वेळ आलीच तर त्याचे बिल मात्र एकाच्या नावे येते. बँकेत सात वर्षांचे वाहनकर्ज मंजूर करताना गाडी ही तारण असते. हप्ते संपले की बँकेचा तिच्याशी संबंध संपतो, तीन वर्षांची किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी त्याच्याही आधी संपलेली असते. गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते. उरलेल्या वर्षांचा धनी आपण.

वसईच्या रस्त्यावर

ही जोखीम किती मोठी? पुस्तिकेत सांगितलेले तेल, सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या पातळीपर्यंत भरलेले असेल, तर फार मोठी नाही. अडचण आहे ती या तीन अटींची. दाट तेल हे जुन्या काळच्या घरमालकासारखे होते, भाडे दोन महिने थकले तरी चालवून घेई. पातळ तेल चुका चालवून घेत नाही. आणि आपल्या भागात चुका होण्याची कारणे रस्त्यावरच पडलेली आहेत.

वसई-विरारमधल्या नोकरदाराची गाडी कशी चालते ते पाहा. सोमवार ते शुक्रवार तो विरार लोकलने चर्चगेटला जातो. गाडी घरापासून स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर जाते आणि परत येते, किंवा इमारतीखाली धूळ खात उभी राहते. दोन किलोमीटरमध्ये इंजिन पुरते तापत नाही. जळणातून तयार झालेले पाणी आणि न जळलेले पेट्रोल तेलात उतरते. तेल शंभर अंशांपर्यंत तापले तरच ते उडून जाते, नाहीतर तेथेच साचते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. आधीच पातळ असलेले तेल अशाने आणखी पातळ होते.

दुसरी तऱ्हा रविवारची. सगळे कुटुंब गाडीत बसून मुंबईच्या किंवा ठाण्याच्या दिशेने निघते आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, वर्सोवा पुलाच्या अलीकडे, मुंगीच्या पावलाने सरकू लागते. २०२३ मध्ये नव्या पुलाचा पहिला भाग खुला झाला, तरी महामार्गाच्या काँक्रिटीकरणाच्या काळात २०२४ मध्ये झालेली कोंडी कोणी विसरलेले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाल्यावर गाडी बोटीत घालणाऱ्यांना सुटल्यासारखे वाटले, ते काही उगाच नव्हे. कोंडीत एसी चालू असतो, इंजिन फिरत असते, समोरून वारा येत नाही, तेल तापत राहते. पण किलोमीटरचा आकडा हलत नाही. सर्व्हिसिंगचा हिशेब आपण १०,००० किलोमीटरवर ठेवतो, त्या आकड्यात हे तास धरलेलेच नसतात.

म्हणूनच बहुतेक पुस्तिकांत ‘प्रतिकूल परिस्थिती’ असे एक वेगळे कोष्टक असते. वारंवार छोटे पल्ले, धूळ, सतत कोंडी अशा वापरासाठी तेल लवकर बदलावे, असे त्यात सांगितलेले असते. वसई-विरारच्या बहुतेक गाड्या या कोष्टकात बसतात, आणि बहुतेक मालक दुसऱ्याच कोष्टकाप्रमाणे वागतात. पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि गाडी घेतल्या दिवसापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत पडून असते, हे त्याचे एक कारण. अमेरिकेत टोयोटाच्या पुस्तिकांत ०डब्ल्यू-१६ मिळाले नाही तर ०डब्ल्यू-२० घालता येईल, पुढच्या वेळी पुन्हा मूळ तेल घाला, असा स्पष्ट खुलासा असतो. फार वेगात किंवा जड ओझ्याने गाडी चालवणाऱ्याला अधिक दाट तेल योग्य ठरू शकेल, असेही त्यात म्हटलेले असते. इतका मोकळेपणा आपल्या ग्राहकालाही मिळावा, आणि तो मराठीत मिळावा, ही मागणी काही अवास्तव नाही. पोटाच्या औषधाच्या चिठ्ठीवर कधी, किती आणि कशाबरोबर घ्यायचे हे आपण विचारून घेतो. लाखो रुपयांच्या यंत्राच्या बाबतीत का विचारू नये?

घरच्या माणसांनी करण्याजोगी कामे थोडी आणि सोपी आहेत. महिन्यातून एकदा, सपाट जागेवर, गाडी थंड असताना डिपस्टिक काढून पुसावी आणि पुन्हा बुडवून पातळी पाहावी. पातळ तेलाचा काही अंश उष्णतेने उडून जातो. प्रमाणातच तेवढी मुभा ठेवलेली आहे. साडेतीन लिटरमधले एक लिटर कमी झाले तर उरलेल्यावर ताण किती पडेल, हे सांगायला अभियंता नको. दुसरे म्हणजे किलोमीटर भरोत न भरोत, वर्षातून एकदा तेल बदलावे; गाडी स्टेशनपुरतीच चालत असेल तर त्याहूनही लवकर. तिसरे, पंधरवड्यातून एकदा तिला चांगली तासभर फिरवून आणावी. अर्नाळ्याला जा, निर्मळला जा, पण इंजिन तापू द्या. चौथे, डब्यावर केवळ ब्रँड पाहू नये, पुस्तिकेतला आकडा आणि दर्जाची अक्षरे पाहावीत. ०डब्ल्यू-१६ साठी २०२० पासून ‘जीएफ-६बी’ हा दर्जा आहे, २०२५ पासून त्याच्या पुढचा ‘जीएफ-७बी’ आला आहे. बाजारात बनावट तेलही फिरते, म्हणून सील नीट पाहून आणि पावती घेऊनच डबा घ्यावा. पावती नको असेल तर थोडे कमी करतो, असे म्हणणाऱ्याकडून मुळीच घेऊ नये.

आणि ज्या घरात गाडीबरोबर मोटारसायकलही आहे, त्यांच्यासाठी एक पोटनियम. गाडीचे उरलेले पातळ तेल मोटारसायकलमध्ये ओतण्याचा काटकसरीपणा करू नये. मोटारसायकलचा क्लच बहुधा त्याच तेलात बुडालेला असतो. घर्षण घटवणारी द्रव्ये क्लचही निसरडा करतात. मोटारसायकलसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ अशी खूण हवी.

काळ्या तेलाचे काय?

ताळेबंदाचे एक पान अजून उरले आहे, आणि ते वसईकरांनी तरी शेवटी ढकलू नये. तेल बदलले की जुने, काळे झालेले तेल कोठे जाते? मोठी सर्व्हिस सेंटरे ते साठवून अधिकृत शुद्धीकरण करणाऱ्यांना देतात. छोट्या गॅरेजांतले काही तेल भंगारवाल्याकडे जाते, काही भट्टीत जळते आणि काही सरळ गटारात. एक लिटर वापरलेले तेल दहा लाख लिटर पाणी नासवू शकते, असे मानले जाते. जेथे नळाचे पाणी अनेक वर्षे अपुरे होते आणि विहिरींवरच गावे जगली, तेथे हा आकडा भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

वसईच्या वाड्यांतली बावखळे हा आपला जुना ठेवा. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, शेजारच्या विहिरी गोड ठेवते. रहाट फिरत होते तेव्हा केळी आणि पानवेली त्याच पाण्यावर वाढल्या. बरीच बावखळे बुजली, उरलेल्यांकडे आसपासच्या रस्त्यांची गटारे वळली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा टँकरने होणारा पाण्याचा उपसा दिवसाढवळ्या दिसत होता. तेलाची तवंग पावसाच्या पहिल्या सरीबरोबर निघून गेल्यासारखी वाटते, म्हणून तिच्याविरुद्ध कोणी मोर्चा काढत नाही. पण हिशेब पाहा. पातळ तेलाने आपली गाडी वर्षाला साडेपाच लिटर पेट्रोल वाचवते. त्याच गाडीतले साडेतीन लिटर काळे तेल जर बावखळात उतरले, तर पर्यावरणाच्या नावाने केलेली ही सारी उठाठेव आपल्या अंगणापुरती तरी तोट्यात गेली.

येथे कायदा आहे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे, आणि २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती करून १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकण्यात आली आहे. कागदावरची ही जबाबदारी सातिवलीच्या छोट्या गॅरेजपर्यंत पोहोचवायची असेल, तर महानगरपालिकेने प्रत्येक प्रभागात एक पिंप ठेवावे आणि ते नेमाने उचलले जाईल असे पाहावे. नियमासाठी नवे कार्यालय उघडण्याची गरज नाही. ग्राहकानेही बिल देताना एक प्रश्न विचारावा, ‘जुने तेल कुठे टाकता?’ दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्याच्या आधी पिंप येते.

जुन्या फिटरच्या शंकेकडे परत पाहिले तर तो सर्वस्वी चुकीचा नव्हता असेच म्हणावे लागेल. चिमटीतल्या परीक्षेने नव्या तेलाची पारख होत नाही हे खरे. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. पण या तेलात सवलतीची जागा कमी आहे, हे त्याच्या हाताने बरोबर ओळखले. पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निघून गेली. तिच्याबरोबर ‘चालतंय ते चालू द्या’ हा गाडी सांभाळण्याचा मार्गही संपला. त्या फिटरला नव्या इंजिनांचे शिक्षण आणि मराठीतली कोष्टके मिळाली, तर त्याच्यासारखा राखणदार नाही, कारण कंपनीच्या वॉरंटीनंतरची बारा वर्षे आपली गाडी त्याच्याच दारात जाणार आहे.

देशाने थेंब वाचवायचे ठरवले आहे, ते योग्यच आहे. कंपनीला त्यात तिचा लाभ मिळाला, मिळू दे. आपल्या वाट्याला आलेले काम डिपस्टिक पाहण्याचे, वर्षाला एकदा वेळेवर तेल बदलण्याचे आणि काळे तेल पिंपात गेले की नाही हे विचारण्याचे आहे. एवढे केले की या ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळतात.